तुळसाबाई आणि पायातल्या सळया

पडदा वर गेला तेव्हा रंगमंचावर फक्त एक पाय होता.

निदान मला तेवढाच दिसला. आसेगावातल्या आमच्या गल्लीतली तुळसाबाईंची पडवी, पडवीच्या मधोमध बाज, बाजेवर दोन उशा आणि उशांवर त्यांच्या मुलाचा, विकासचा, उजवा पाय. गुडघ्याखाली नडगीच्या कडेने पेन्सिलीएवढ्या जाड पोलादी सळया सरळ कातडीतून आत गेलेल्या. बाहेर राहिलेली त्यांची टोकं एका लांब दांडीला पेचांनी आवळलेली. दुपारचं ऊन नेमकं त्या दांडीवर पडलं होतं आणि ती लखलखत होती.

मी उभा जन्म नाटकात काढला. कुंकू आणि गुळाच्या पाण्याचं रक्त बादलीने सांडलेलं पाहिलंय. इथे रक्ताचा थेंब नव्हता. भिंतीत खुंट्या ठोकाव्यात तसं लोखंड माणसात ठोकलेलं, आणि तो माणूस मागे टेकून बशीतून चहा पीत होता. मी पडवीचा खांब धरला.

दवाखान्याची गाडी नुकतीच निघून गेली होती. सगळी गल्ली ओट्यापाशी जमलेली, पण जवळ कोणी जाईना. समोरच्या बेबीबाईंनी पदर डोळ्यांवर घेतला आणि पदराआडून म्हणाल्या, "जित्या माणसाले खिळे ठोकले वं माय."

मग आतून तुळसाबाई आल्या. लोक त्यांच्या हंबरड्याची वाट पाहत होते, हे मला स्पष्ट दिसत होतं. प्रेक्षक कशाची वाट पाहतात ते नटाला कळतं. तुळसाबाईंनी हात पुसले, दोऱ्याने बांधलेला चष्मा कानांत अडकवला, बाजेशेजारी गुडघे टेकले आणि नाक जवळजवळ सळईला लागेल इतक्या वाकल्या. एकेक सळई जिथे कातडीत शिरत होती ती जागा त्यांनी निरखून पाहिली. बराच वेळ. मग मान वर न करता विचारलं,

"कोनं टोचलं रे हे?"

"डॉक्टरीणबाईनं, आई. बेसुध करून."

"हात साफ आहे तिचा," तुळसाबाई म्हणाल्या.

ही दाद होती. आणि ती द्यायचा अधिकार आमच्या पंचक्रोशीत दुसऱ्या कोणालाही नव्हता.

तुळसाबाई मूळच्या कामरगावच्या. माझा मित्र जगदेव, त्याच्याशी लग्न होऊन आल्या तेव्हा रुखवतात कोणाच्या नजरेत न भरलेली एक पत्र्याची डबी होती. डबीत सुया, बाभळीचे काटे, काळा दोरा आणि हळकुंड. कान-नाक टोचायची विद्या त्यांना मावशीने दिलेली. टोचायला सोनारही होता, पण सोनार टोचून मोकळा होतो. तुळसाबाईंचं खरं काम टोचल्यानंतर सुरू व्हायचं. रोज सकाळी त्या घरी जायचं, हळद घालून कोमट केलेलं खोबरेल भोकाला लावायचं आणि आतला दोरा हलक्या हाताने फिरवायचा.

"फिरवलं नाई तं मांस धरते," त्या लेकुरवाळ्या बायांना सांगत. "मांसाले रोज समजवा लागते, हा पाव्हणा आहे, याले धरू नको. धरलं का पिकते."

दोरा सैल झाला, बोटाने सहज फिरू लागला, म्हणजे भोक बसलं. त्या दिवशी तुळसाबाई त्या घरात मांडी घालून बसत आणि तांब्याभर पाणी पीत. तोवर त्या घरचं पाणी त्यांना वर्ज्य असे. मावशीने घालून दिलेला नेम होता: दुसऱ्याच्या लेकराला जखम करायची आणि त्याच्याच घरचं पाणी प्यायचं, हे जखम भरेपर्यंत शोभत नाही. उन्हाळ्यात चार घरं पालथी घालून घसा कोरडा पडला तरी त्या नेम मोडत नसत. बदल्यात पैसा घेत नसत. नारळाची अर्धी वाटी दिली तर घेत, तिचंही पुढे तेल व्हायचं.

माझेही कान त्यांनीच टोचले. आमच्या नाटक मंडळीत मी राण्या करायचो. चापाची कर्णफुलं ऐन शापाच्या प्रवेशात गळून पडली आणि लोक हसले, तेव्हा जगदेव मला हाताला धरून घरी घेऊन गेला. नवी नवरी, अजून तोंडावरचा पदर पुरता सरकलेला नाही, आणि मला म्हणते, "भाऊजी, मिशी काढतानी दुखते का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात सुई आरपार. प्रेक्षकाचं लक्ष कुठे वळवायचं आणि टाळी कुठे घ्यायची, हे मला शिकायला वर्षं लागली. त्यांना ते उपजत होतं. पुढे आयुष्यभर मला त्या राणीसायब म्हणत राहिल्या. माझे केस पांढरे झाले, मंडळी मोडली, पण भर बाजारात "राणीसायब, भाजी घेतली का?" अशी हाक आली की मी मान लववायचो.

जगदेव गेला त्याला काही वर्षं झाली. मागे मुलगा विकास, सून राखी, आणि सोयाबीन-तुरीचं रान. राखी मेडशीची. ती सून होऊन आली तेव्हा तिचं नाक कोरं होतं. तुळसाबाईंनी ते टोचलं आणि मावशीचा नेम मोडायचा नाही म्हणून चक्क स्वतःच्याच घरचं पाणी सोडलं. रोज माझ्या ओट्यावर येऊन पाणी पिऊन जात. राखी ते कौतुकाने सांगते. "माह्या नाकासाठी सासू तहानेली राह्यली," म्हणते.

आता तो पाय. पोळा होऊन गेला होता. विकास मंगरूळपीरहून फवारणीचं औषध घेऊन मोटारसायकलवर येत होता आणि वळणावर रोही आडवा आला. रोही म्हणजे नीलगाय, गाईपेक्षा मोठं जनावर, आणि उडी मारली की कुठे पडेल त्याचा नेम नाही. विकास पडला, गाडी पायावर पडली, नडगीचं हाड मोडून कातडी फाडून बाहेर आलं. वाशिमला एका दवाखान्यात नेलं. जखम उघडी आणि मातीने भरलेली असल्याने आत पोलादी पट्टी बसवता येत नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी हाड बाहेरून धरून ठेवलं. सळया हाडात रोवलेल्या, दांडी बाहेर. हाड जुळेपर्यंत काही महिने ते तसंच ठेवायचं.

सळया जिथून शिरतात त्या जागा कशा सांभाळायच्या ते राखीला दवाखान्यात नीट शिकवलं होतं. तुळसाबाई तेव्हा घरी म्हशीपाशी होत्या. गाडी गेली त्याच संध्याकाळी राखीने सासूला सगळं सांगितलं. मी तिथेच बसलो होतो.

"तेल नाई, हळद नाई. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी घ्याचं, सळईगणिक नवा कपडा, पुसाचं, कोरडं कराचं, अन् वरून गच्च पट्टी. कातडी हालली नाई पायजे."

"मंग मांस धरन ना वं लोखंडाले."

"धरू द्या म्हणतात."

"धरू द्या?" तुळसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी साक्षीदार होतो. "आयकलं का भाऊजी? मांस धरू द्या म्हणते दवाखाना."

"आत्याबाई, थो पाय आहे. कान नाई."

"तुह्यं नाक बी कान नव्हतं. राखलं का नाई म्या?"

विकास बाजेवरून हसला. "आई, तू आता माह्या पायात बाळी घाल."

राखी हसली नाही. तिने पट्टी घेतली आणि शिकवल्याप्रमाणे बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाबाई माझ्या ओट्यावर आल्या. "राणीसायब, पाणी द्या."

मी तांब्या दिला. त्या घटाघट प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि गेल्या. विकासच्या पायातली ती भोकं त्यांनी स्वतःच्या खात्यावर घेतली, हे मला तेव्हाच उमगलं. टोचली होती दुसरीने, पण त्यांच्या घरात, त्यांच्या लेकराच्या अंगात होती.

मग सोयाबीन सोंगणीला आलं. राखी दिवस उगवायच्या आत पट्टी बदलायची आणि मजुरांसोबत रानात जायची, ती संध्याकाळीच परतायची. दुपारी विकास एकटा कंटाळतो म्हणून मी त्याच्यापाशी जाऊन बसायचो, जुन्या नाटकांतले किस्से सांगायचो. एका दुपारी गेलो तर तुळसाबाई पट्टी सोडून बसलेल्या. शेजारी वाटीत पिवळं कोमट तेल. सळई तर पेचात आवळलेली, ती फिरेना. म्हणून तुळसाबाई सळईभोवतीचं मांस फिरवत होत्या. बोटाच्या टोकाला तेल घ्यायचं, सळईला लागून धरलेली खपली भिजवून काढायची, आणि कातडी वर-खाली, गोल, हलकेच सरकवायची. किती नाजूक काम. तान्ह्या पोरीचा कान असता तरी ती जागी झाली नसती.

विकासने डोळे मिटले होते. "खाजते तिथंच बोट पोचते, काका. दवाखान्यात असं सुख नाई."

"डॉक्टरीणबाईनं सांगितलं का हे?" मी विचारलं.

"तिचं टोचणं चांगलं आहे भाऊजी," तुळसाबाई म्हणाल्या. "पुढचं तिले कोन शिकवन? टोचलं का लोकं घरी जातेत. तिनं कधी पायलं असन का सातव्या दिवशी?"

काम झालं की कोमट पाण्याने तेल पुसून, राखीने बांधली होती तशीच पट्टी त्या पुन्हा बांधत. राखीला सकाळी पट्टी ओलसर लागे. तिने विचारलं की विकास म्हणे, घाम आहे.

आधी आधी सगळं फार छान दिसलं. खपल्या गेल्या, कातडी मऊ झाली, चकाकू लागली. मग सळयांच्या मुळाशी पिवळसर पाणी दिसू लागलं. तुळसाबाई म्हणाल्या, पाझर आहे, कानालाही येतो, त्यानेच घाण निघते. मग लाल कडं दिसलं; राखी पहाटे अंधुक दिव्यात पट्टी बदलायची, तिच्या ते नजरेत आलं नाही. तेलाचा हात वाढला. एका संध्याकाळी विकासला हुडहुडी भरली, पण दिवाळी तोंडावर होती, रानात थंडी उतरली होती, घरात सगळेच गोधड्या काढत होते.

आणि मग तो दिवस आला. दुपारीच तुळसाबाईंनी मला आणि बेबीबाईंना हाक मारून बोलावलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. पहिल्या प्रयोगाला पडदा पडल्यावर आमच्या मालकांचा असा चेहरा व्हायचा.

"या, या. पाहा."

त्यांनी दांडी खालच्या टोकाशी दोन बोटांत धरली आणि हलकेच हलवली. दांडी हलली. तिच्यासोबत खालच्या सळयाही हलल्या, मांसातल्या मांसात, गाडीच्या खिळखिळ्या खुंट्यांसारख्या. विकासने दातांवर दात दाबले, पण आईच्या आनंदापुढे काही बोलला नाही.

"सुटलं," तुळसाबाई म्हणाल्या. "धरलं होतं ना मांसानं, सुटलं पाहा. बसलं भोक."

त्या उठल्या, आत माठापाशी गेल्या आणि इतक्या दिवसांनी स्वतःच्या घरचं पाणी प्यायल्या. तांब्या वर धरून, मान मागे टाकून. घोट उतरल्याचा आवाज पडवीपर्यंत आला. बेबीबाई हात जोडून म्हणाल्या, "धन्य आहे वं तुही."

तेवढ्यात मला दारात राखी दिसली. विळ्याची मूठ निसटली म्हणून ती दुसरा विळा न्यायला परत आली होती. ती कधीपासून उभी होती कोणास ठाऊक. तिने हातातला विळा खाली ठेवला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आत्ता हालवलं थे पुन्हा हालवा."

"ये, तू बी पाह्य." तुळसाबाई तांब्या घेऊनच बाहेर आल्या आणि दुसऱ्या हाताने दांडी हलवून दाखवली.

राखीचा चेहरा असा झाला की मी आयुष्यात कोणत्याही नटीच्या तोंडावर तसा पाहिला नाही. सगळं रक्त उतरलं. ती हळू आवाजात, एकेक शब्द वेगळा करून बोलली.

"हाडात गाडेल आहे थे. हाडातलं हालून राह्यलं म्हणजे हाडानं सोडलं. तसं झालं तं त्याच घडीले घेऊन या म्हणून सांगतलं होतं मले."

तिने पट्टीचा तुकडा घेऊन सळईच्या मुळाशी दाबला. पू आला. दाट, आणि त्याचा वास आला तसा बेबीबाईंनी पदर नाकाला लावला. वाटीतलं पिवळं तेल अजून बाजेखाली होतं. राखीने ते पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. विकासने मान वळवली.

"घाम," राखी म्हणाली. बस, एवढंच. मग माझ्याकडे वळली. "काका, गाडी पाहा एखादी. लवकर."

तुळसाबाईंच्या हातातला तांब्या तसाच होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी गाडीत बसेपर्यंत तो त्यांच्या हातात राहिला आणि वाशिमला पोचलो तेव्हाही मांडीवर होता.

डॉक्टरीणबाई वयाने तरुण होत्या. त्यांनी पट्टी काढली, दांडी हलवून पाहिली आणि क्षणभर डोळे मिटले. सळयांभोवतीची कातडी मऊ आणि तेलकट होती. त्यांनी बोट लावून वास घेतला.

"हळद कोणी लावली?"

"घरीच झालं, बाई," राखी पटकन म्हणाली. "आमच्याकडून झालं."

मला धक्का बसला. गाडीत ती सासूशी एक अक्षर बोलली नव्हती.

"आमच्याकडून नाई," तुळसाबाई पुढे झाल्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, पोलिसापुढे करावे तसे. "म्या केलं. या हातानं. रोज केलं."

त्यांनी सगळं सांगितलं. कान, नाक, तेल, फिरवणं. काही लपवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग स्वतःच्या कानातला डूल बोटाने धरला.

"आजी, कानाचं तुमचं बरोबर आहे. कानाच्या भोकाला दोन तोंडं असतात. पुढून कातडी आत शिरते, मागून कातडी आत शिरते, मधे दोघी भेटतात आणि भोकाला आतून अस्तर लागतं. मग ते बंद घर झालं. डूल फिरला काय, काढला काय, आत काही जात नाही. पण या सळईला एकच तोंड. दुसरं टोक हाडात. कातडी सळईच्या कडेने खाली सरकत जाते, पण तिला भेटायला पलीकडून कोणी येत नाही. ती भेटतच नाही. म्हणून तिथे मांसानं सळईला घट्ट धरावं लागतं. गळपट्टीसारखं. ती गळपट्टी हीच काय ती भिंत. मांस हलवलं की गळपट्टी सुटते, आणि बाहेरची घाण सळईच्या कडेने सरळ हाडापर्यंत जाते. हाड पोखरतं. मग सळई ढिली होते."

"ढिली होते," तुळसाबाई म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे ज्या दिवशी मले वाटलं बसलं..."

डॉक्टरीणबाईंनी पुढचं त्यांना बोलू दिलं नाही. विकासकडे वळून त्या म्हणाल्या की ढिल्या सळया काढून हाड खरवडावं लागेल. घाण हाडाच्या आतल्या पोकळीत पसरली असेल, तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. आत गेल्यावरच कळेल.

पाय काढावा लागेल. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. दवाखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, कोणाचं तरी लेकरू रडत होतं, आणि मला वाटत होतं की आता कोणी तरी मागून येईल आणि म्हणेल, हा प्रवेश पुन्हा घेऊ, नीट जमला नाही.

स्ट्रेचर ढकलत नेताना विकासने माझा हात धरला. अंगात ताप भरलेला, ओठ सुकलेले. "काका, तुमच्या थेटरात चाललो. डायलॉग काय आहे माहा?"

"तुला डायलॉग नाही," मी म्हणालो. "नुसता झोपायचा पार्ट आहे. तोच अवघड असतो."

दार लागलं. आम्ही बाकावर बसलो. राखी सासूकडे न पाहता बोलली.

"कान बिघडला तं त्याच्यावर केस सोडता येते, आत्याबाई. पायाले काय झाकू?"

तुळसाबाई आपल्या बोटांकडे पाहत होत्या. नखांच्या कडांना हळदीचा पिवळा रंग होता. त्या हातांनी कितीतरी पोरींच्या कानांत मोत्यांना, रिंगांना, झुब्यांना जागा करून दिली होती. एकही कान लोंबला नाही, एकही नाक पिकलं नाही. असा हात आपल्याच लेकराच्या हाडाशी असं करतो, हे त्यांना समजत होतं आणि समजत नव्हतंही. मी शेजारी बसलो होतो. मला एकाच गोष्टीचा हादरा राहून राहून बसत होता. इतके दिवस त्यांनी काम चोख केलं होतं. एक दिवस खाडा नाही, एक दिवस हयगय नाही. आळस केला असता तर पाय वाचला असता.

दार उघडलं. पाय होता. घाण पोकळीत पसरली नव्हती, काठाशीच होती. ढिल्या सळया काढून, हाड साफ करून, जागा बदलून नव्या बसवल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि यावेळी तुळसाबाईंना समोर उभं केलं.

"पाय राहिला आहे. पण नीट ऐका. आता एक जरी सळई हलली, तर पाय वाचवणं माझ्या हातात नाही."

तुळसाबाईंनी मान हलवली. मग डॉक्टरीणबाईंना वाटलं असावं की त्यांनी ऐकलं नाही, म्हणून त्या पुन्हा सांगू लागल्या. "आयकलं, बाई," तुळसाबाई म्हणाल्या. "हालली नाई पायजे."

घरी आल्यावर पत्र्याची डबी त्यांनी धान्याच्या कोठीवर, हात पोचणार नाही अशी ठेवली. आपल्या नातीचे कान टोचून घ्यायला बेबीबाई आल्या तर म्हणाल्या, मंगरूळला सोनार आहे.

"पन्नास वर्षं आमच्या मांसाले समजवलं, अन् माह्या नातीच्या येळेले सोनार?" बेबीबाई रागावल्या.

"मले वाटे मले मांस समजते, बेबी. कानाचंच समजत होतं. आता त्याचा बी भरोसा वाटत नाई."

राखी पट्टी बदलायला बसली की तुळसाबाई उंबऱ्यावर जाऊन पाठ करून बसत, दोन्ही हात पदराखाली गुंडाळून. असं बरेच दिवस चाललं. एका सकाळी राखीला मिठाच्या पाण्याचं भांडं ठेवायला जागा मिळेना. तिने ते उचलून सासूपुढे धरलं.

"धरा हे. सांडू नका. अन् बोट बुडवू नका त्याच्यात."

"माह्यं बोट का एवढं वाईट आहे?"

"बोट चांगलं आहे. बसत नाई एका जागी, हेच वाईट आहे."

विकास इतका हसला की राखीनेच त्याला दटावलं, "हालू नका." तुळसाबाईंनी भांडं धरलं. त्या दिवसापासून रोज त्याच धरत.

आणि मग त्यांनी नवं काम हाती घेतलं. बाजेला कोणाचा धक्का लागू द्यायचा नाही. कोंबड्या पडवीत येऊ देईनात, पाहुण्याला बाजेच्या कडेला टेकू देईनात. मी एकदा बोलण्याच्या भरात बाजेच्या पायाला हात लावला तर माझ्या हातावर चापट मारली. "राणीसायब, दूर. तिकून बोला. आवाज मोठा आहे तुमचा, आयकू येते." गल्लीतली पोरं त्यांना पोलीस म्हणू लागली. विकास कुशीवर वळायचा विचार जरी करायला लागला तरी आतून आवाज यायचा, "काय पायजे? म्या देतो." राखी म्हणायची, आत्याबाई, श्वास घेऊ द्याल का त्याले?

विकास आज चालतो. वैशाखात हाड जुळलं आणि सळया काढल्या. प्रत्येक सळईभोवती मांसाची कोरडी, घट्ट गळपट्टी बसली होती. डॉक्टरीणबाईंनी ती राखीला बोट ठेवून दाखवली. थोडा पाय ओढतो, पण रानात जातो, शेताच्या धुऱ्यावरून फिरतो. तुळसाबाईंनी हे पाहिलं नाही. त्या माघातच गेल्या.

सकाळची वेळ होती. नव्या तुरीचा ढीग अंगणात पडला होता आणि तुळसाबाई सुपाने पाखडत बसल्या होत्या. मी माझ्या ओट्यावर दाढी करत होतो. सुपाचा आवाज थांबला म्हणून मी पाहिलं. त्या छातीवर हात ठेवून एका कुशीला कलत होत्या, अगदी सावकाश, सूप मात्र नीट खाली ठेवून. मी साबण लागलेल्या तोंडानेच धावलो. राखी आतून आली, तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. बेबीबाई आल्या, पाणी आणा, गाडी आणा, असा एकच गलका झाला. तुळसाबाईंचे ओठ पांढरे पडले होते, कपाळ घामाने डबडबलं होतं. राखी पदराने वारा घालत होती आणि हाका मारत होती. त्या उत्तर देत नव्हत्या.

पडवीत विकासने "आई" म्हणून हाक मारली. मग आम्ही बाज करकरल्याचा आवाज ऐकला. तो कोपरावर उठला होता, सळयांचा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजेखाली टेकवायला पाहत होता. आईपर्यंत यायला निघाला होता तो. आमच्यापैकी कोणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

तुळसाबाईंनी डोळे उघडले. राखीचं मनगट धरलं, आणि स्पष्ट, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या,

"त्याले उठू देऊ नको वं, राखी. सळया हालतीन."